मिहायोनं टोपी काढली

किगांबोनीच्या धक्क्यावर फेरीबोट दार-एस-सलामहून आणलेली माणसं, कोंबड्या आणि मोटारी एकाच दमात बाहेर ओकते. तिथंच डाव्या हाताला, बदामाच्या झाडाखाली, तातूची खानावळ आहे. या खानावळीत तीन गोष्टी हमखास मिळतात: निखाऱ्यावर भाजलेला कसावा, ऑक्टोपसचं सूप आणि न्याय. पहिल्या दोन गोष्टींचे पैसे पडतात. तिसरी फुकट आहे, आणि नको म्हटलं तरी ताटात पडते.

दोन कोळी जाळ्यावरून भांडत आले, की तातू हातातला झारा कढईवर आपटायची आणि विचारायची, "हे आधी कुणी सुरू केलं?"

कोण बरोबर, कोण चूक, जाळं कितीचं, यात तिला रस नव्हता. सुरुवात कुणी केली, एवढंच. सुरुवात सापडली की तिच्या मते जगातलं कुठलंही भांडण निम्मं मिटायचं. उरलेलं निम्मं ती स्वतः मिटवायची, मोठ्या आवाजात.

एकदा तिच्या पाण्याच्या पिंपाचा नळ तुटला. दुसऱ्या कुणी नवा नळ आणला असता. तातूनं खानावळ बंद ठेवून चौकशी बसवली. नळ बकरीनं तोडला होता. बकरी मोकळी होती, कारण तिला दोर नव्हता. दोर नव्हता, कारण तो शेजारणीकडून कुणीतरी मागून नेला होता. कुणी नेला? सगळी गल्ली तातूच्या अंगणाकडे बघायला लागली. तिथं त्या दोरावर तातूचे खांगे, अंगाला गुंडाळायची रंगीत कापडं, वाळत होते. त्या दिवशी न्यायालय जरा लवकर उठलं.

तिचा नवरा घर सोडून निघाला, तेव्हाही तिनं दारात उभं राहून विचारलं होतं, "हे कुठून सुरू झालं?" बिचारा सरळ माणूस. त्यानं बाईचं नाव आणि पत्ता दोन्ही सांगितलं. तातूनं जाऊन खात्री करून घेतली. पत्ता बरोबर होता.

त्यानंतर तिच्या घरात राहिले तिचे वडील, मझी शोमारी; मझी म्हणजे वडीलधारा. या माणसानं सगळा जन्म फेरीवर काढला. बोट लागली की फळी टाकायची, शिट्टी फुंकायची आणि मोटारी आत घ्यायच्या. त्या काळी शोमारी धक्क्यावर उभा राहिला, की लोक बोटीसाठी नाही, त्याच्यासाठी थांबायचे. पांढरा सदरा, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा, की पलीकडच्या काठावरच्या बायका म्हणायच्या, "आज शोमारीची पाळी दिसतेय." मंत्र्याच्या गाडीलाही तो म्हणायचा, "ए, मागं घे! समुद्राला तुझा हुद्दा कळत नाही." असा आवाज आता नाट्यगृहांतसुद्धा ऐकू येत नाही. हल्ली सगळे कानात यंत्रं घालून कुजबुजतात.

निवृत्तीनंतर शोमारीचा रंगमंच म्हणजे बदामाच्या झाडाखालची चटई. समोर बाओचा लाकडी पट, त्याच्या खळग्यांत सागरगोटे, आणि पटापलीकडे मिहायो.

मिहायो टाबोराचा मध विकायचा. तो न्याम्वेझी, आतल्या मुलखातला. शोमारी झारामो, किनाऱ्यावरचा. या दोन जमाती एकमेकांच्या मतानी. मतानीचा धर्म सोपा आहे: भेटला की त्याचा अपमान करायचा, आणि त्यानं केलेला आपला अपमान हसत गिळायचा. रागावणाऱ्याला दंड. मतानीच्या घरी लग्न असो, आजारपण असो, मयत असो, जाऊन टर उडवायचीच. मयताच्या वेळी तर मतानी सरळ खणलेल्या खड्ड्यात आडवा पडतो आणि कोंबडं कबूल केल्याशिवाय उठत नाही. रडणाऱ्या घराला हसवायची अशी सोय पूर्वजांनीच करून ठेवली आहे. बाकी जगात यासाठी नाटक कंपन्या काढाव्या लागतात, आणि त्या बुडतात.

मिहायोच्या डोक्यावर तपकिरी फेल्टची टोपी असायची. उन्हात, बसमध्ये, जेवताना, आणि लोक म्हणत, झोपेतसुद्धा. "झारामोंसमोर डोकं उघडं टाकलं, तर नारळ समजून किसतील," असं तो म्हणायचा.

"मेला नाहीस का रे अजून, खोबरेखाऊ?" चटईवर बसता बसता तो विचारायचा.

"तुझी वाट बघतोय. माझी तिरडी वाहायला हमाल नको का? तुझ्या बापजाद्यांचा धंदाच तो."

"माझे बापजादे डोक्यावर हस्तिदंत घेऊन टाबोराहून समुद्रापर्यंत चालत आले. तुझे कुठवर गेले? नारळाच्या झाडाखाली. आणि नारळ पडेना, तेव्हा झाडालाच आळशी म्हणाले!"

असा प्रयोग रोज, आधी धक्क्यावर, मग चटईवर, चाळीस वर्षं, एकही खाडा न करता.

मग शोमारीच्या मानेत सुपारीएवढी गाठ आली. तिच्या मागोमाग पाठ दुखायला लागली, भात नकोसा झाला, आणि किकोईची लुंगी कमरेवर ठरेना. तातूनं वडिलांना पैलतीरावरच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथं शोमारीची जी तपासणी झाली, तशी फेरीबोटीचीही कधी झाली नसेल. वरून दुर्बीण घातली, खालून दुर्बीण घातली. रक्त घेतलं, लघवी घेतली, मानेतल्या गाठीचा तुकडा घेतला. छातीचे फोटो, पोटाचे फोटो. सगळीकडून उत्तर उत्तम. फुप्फुसं स्वच्छ, जठर स्वच्छ, आतडी वयाला शोभतील अशी. इतका निरोगी माणूस इतका आजारी आजवर कुणी पाहिला नव्हता.

डॉक्टर आइकांडे या किलिमांजारोच्या बाजूच्या, शांत बोलणाऱ्या बाई. त्यांनी तातूला खोलीत बोलावलं. बाबांना तिनं बाहेर शहाळं घेऊन बसवलं होतं.

"कॅन्सर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मानेत आहे, यकृतात आहे. पण ही दोन्ही त्याची मूळ घरं नाहीत. तो तिथं दुसरीकडून आला."

"कुठून?"

"ते सापडलं नाही."

"मग शोधा की."

"शोधलं, बी तातू," नावाआधी मानाचं 'बी' लावून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिथं शोधण्यात अर्थ होता, तिथं सगळीकडे शोधलं. काही रोग्यांत असं होतं. पहिली जागा इतकी लहान असते, की दिसत नाही. कधी ती स्वतःच विरून गेलेली असते. पण पेशी कशा दिसतात त्यावरून औषध ठरवता येतं. मुळापासून बरं करणारं नाही, पण त्रास कमी होईल, दिवस वाढतील. आपण लगेच सुरू करू."

"कुणी सुरू केलं ते कळल्याशिवाय?"

रोग्यांच्या नातेवाइकांनी डॉक्टर आइकांडेंना आजवर 'का' विचारलं होतं, 'किती दिवस' विचारलं होतं. 'कुणी' हा प्रश्न त्यांना नवा होता. त्या म्हणाल्या, "त्याची वाट बघू नका. तो तुमची वाट बघणार नाही."

तातूला हे मुळीच पटलं नाही. शिकल्यासवरल्या बाईला सुरुवातसुद्धा शोधता येत नाही, आणि म्हणे औषध देते! ती बाहेर आली. शोमारीनं शहाळ्यातून तोंड वर काढलं.

"काय म्हणाली?"

"पोटात व्रण आहेत, बाबा. तिखट बंद."

"एवढंच? मला वाटलंच होतं. मिहायो काल म्हणाला, माझं तोंड उन्हात वाळत घातलेल्या सुकटासारखं दिसतं. म्हणजे मी ठीक आहे."

"मिहायो काका काय डॉक्टर आहेत?"

"डॉक्टर पैसे घेऊन चांगलं बोलतात. हा फुकट वाईट बोलतो. ज्या दिवशी तो माझी नीट विचारपूस करील ना, त्या दिवशी तू जाऊन कफनाचं कापड आण."

तातूनं मनात दोन गोष्टी पक्क्या केल्या. एक, बाबांना काही कळू द्यायचं नाही. दोन, आधी सुरुवात शोधायची, मग औषध. भात पेरायच्या आधी रान साफ करावं, इतकं तिला हे सरळ वाटत होतं.

पहिल्यांदा तिनं मस्कतला भावाला फोन केला. मबाराका तिथं एका गोदामात कामाला होता, आणि गोदामात काम नसलं की बहिणीला लांबलचक निरोप बोलून पाठवायचा. त्याचं निदान ठरलेलं होतं: गल्लीच्या टोकाचा मोबाइलचा मनोरा. "किरणं सोडतो तो, तातू! रात्रंदिवस!" हा निरोप तिला त्याच मनोऱ्यामुळे स्वच्छ ऐकू आला. उपाय म्हणून त्यानं काळ्या जिऱ्याचं तेल पाठवलं. स्वतः यायचं मात्र त्याला जमेना, कारण मालक सोडत नव्हता. हा मालक बापाच्या आजारपणात नेहमीच फार कडक होतो.

मग किसारावेहून म्वाजुमा आत्या आली. शोमारीची धाकटी बहीण. ती आली, चटईवर बसली, चहाचे दोन पेले प्यायली आणि म्हणाली, "नजर आहे. याला फेरीचा पांढरा सदरा मिळाला ना, तेव्हापासून लोक जळतात."

"आत्या, तो सदरा फाटून त्याची पायपुसणी झाली. ती पायपुसणीही फाटली."

"नजर फाटत नाही गं."

आत्यानं तिला एका वैद्याकडे नेलं. वैद्यबुवांनी पाण्यात पाहून सांगितलं, की हे एका माणसानं केलं आहे. माणूस काळा आहे. फार उंच नाही, फार बुटकाही नाही. समुद्राजवळ राहतो. झालं, निम्मं शहर संशयित. वर ते म्हणाले, की या सगळ्याचं मूळ तुमच्या उंबऱ्याखाली पुरलेलं आहे.

तातूनं उंबरा खणला. शोमारी खाटेवरून बघत होता.

"काय शोधतेस?"

"घुशी झाल्यात, बाबा."

उंबऱ्याखाली सोड्याच्या बाटलीचं एक झाकण निघालं आणि एक चमचा. हा चमचा हरवला, तेव्हा तातूनं तीन शेजारणींशी बोलणं टाकलं होतं. तिनं तो धुऊन मुकाट्यानं डब्यात ठेवला.

गल्लीतल्या प्रत्येकाकडे एकेक सुरुवात होती. कुणी म्हणालं, बोटीचा धूर. कुणी म्हणालं, गोठवलेली कोंबडी. कुणी म्हणालं, तो तरुणपणी पहाटे गार पाण्यानं आंघोळ करायचा, त्याचं हे फळ. मशिदीतले एक गृहस्थ म्हणाले, हे सगळं अल्लाची इच्छा. तातूला हे उत्तर मान्य होतं, पण तिथं झारा आपटून उपयोग नव्हता. ती पुन्हा पैलतीरावर गेली, दुसऱ्या दवाखान्यात त्याच तपासण्या पुन्हा करवून घेतल्या, आणि तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितल्यावर तिला त्यांचाही संशय आला. डॉक्टर आइकांडेंचा फोन यायचा. "बी तातू, कधी आणता?" तातू म्हणायची, "आणखी एक तपासणी राहिलीय."

दरम्यान शोमारी खाटेवरून चटईवर, चटईवरून खाटेवर, एवढाच प्रवास करत होता. किकोईला आता दोर बांधावा लागत होता. पण मिहायो रोज यायचा आणि म्हणायचा, "वा रे वा! झारामोनं शेवटी चरायचं थांबवलं! आता देशात भात स्वस्त होणार!" आणि शोमारी हसायचा, आणि रात्री लेकीला सांगायचा, "मी ठीक आहे."

रमजान आला, गेला. ईदच्या भाताचे दोन घास शोमारीनं तातूकडे बघून खाल्ले आणि तिची पाठ वळल्यावर उरलेला भात टाकून दिला.

आणि एका सकाळी, सूप ढवळता ढवळता, तातूच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मध! बाबा इतकी वर्षं काय खात आले, जे गल्लीत दुसरं कुणी रोज खात नाही? टाबोराचा मध!

ती झारा हातात घेऊनच निघाली. मिहायो मासळीबाजाराच्या भिंतीला टेकून बाटल्या मांडून बसला होता.

"मिहायो काका, खरं सांगा. मधात काय घालता?"

"काय गं बायको," मिहायो म्हणाला. मतानीच्या पोरीला बायको म्हणायचा त्याला हक्कच होता. "मध घ्यायला आलीस की मला घरी न्यायला?"

"हसू नका. बाबा किती वर्षं खातात तुमचा मध?"

"फुकट मिळायला लागल्यापासून."

"माश्या धुरानं हाकलता ना? कुठल्या लाकडाच्या धुरानं? आणि या बाटल्या! यांच्यात आधी काय होतं? रॉकेल? पिकांवरचं औषध?"

मिहायोचा चेहरा फुलला. तो उठून उभा राहिला. बाजाराकडे तोंड करून त्यानं हात पसरले.

"ऐका हो, ऐका! हिच्या बापाला चाळीस वर्षांत एवढी झकास शिवी सुचली नाही! न्याम्वेझीचा मध विषारी! शाबास गं पोरी, किनाऱ्यावर अक्कल पिकायला लागली तर शेवटी!"

मासे कापणाऱ्या बायका हसल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"त्यांना कॅन्सर झालाय," तातू म्हणाली.

मिहायोचे हात तसेच पसरलेले राहिले. वाक्य विसरलेल्या नटाचे राहतात तसे.

"कुणाला?"

"बाबांना. मानेत आहे, यकृतात आहे. आणि कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही. कुणालाच नाही, काका. मी उंबरा खणला. मी मनोऱ्याच्या कंपनीला फोन केला. सगळ्यांना विचारलं. तुम्हीच राहिला होता."

असं म्हणून ती मधाच्या खोक्यावर बसली आणि रडायला लागली. झारा मांडीवर, सूप झाऱ्यावरून खांग्यावर ठिबकतंय. मिहायोनं तोंड उघडलं. शिवी आली नाही. त्यानं पुन्हा उघडलं. तेव्हाही नाही.

"बाबांना सांगायचं नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "शपथ घ्या. रोजच्यासारखंच बोला."

"एक शब्द सांगणार नाही," मिहायो म्हणाला, आणि त्यानं ती शपथ पाळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. तातू चहात आलं ठेचत होती. शोमारी पटावर गोटे मांडून तयार होता. आज काय ऐकायला मिळतंय, म्हणून मान तिरकी करून बसला होता.

मिहायो कुंपणाच्या फाटकाशी थांबला. चपला काढल्या. आणि मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

खाली टक्कल होतं. चेहऱ्यापेक्षा उजळ, गुळगुळीत, आणि भोवती टोपीनं पाडलेली गोल खाच. किगांबोनीत ते डोकं कुणी पाहिलं नव्हतं. झाडाखालचे दोन म्हातारे उठून बसले.

"अस्सलाम आलेकुम, मझी शोमारी," मिहायो हळू आवाजात म्हणाला. "कसं वाटतंय आता? झोप लागते ना? घ्या, ताजा मध आणलाय. तुमच्यासाठी."

तो चटईच्या कडेला अंग चोरून बसला. खेळ सुरू झाला. मिहायो असा खेळला, जसा तो कधीच खेळला नव्हता, म्हणजे वाईट. भरलेले खळगे सोडून दोन-दोन गोट्यांचे उचलत होता. थोड्याच वेळात शोमारी जिंकला. अनेक महिन्यांत पहिल्यांदा.

शोमारीनं हातातले गोटे एकेक करून पटात ठेवले.

"तातू, इकडे ये. मला काय झालंय?"

"व्रण, बाबा. सांगितलं ना."

"व्रणासाठी न्याम्वेझी टोपी काढत नाही."

तातूनं मिहायोकडे असं पाहिलं, की त्याचं टक्कल घामानं चमकायला लागलं. "मी काही बोललो नाही," तो पुटपुटला. "शपथेवर, एक शब्दही नाही."

"तेच तर!" शोमारी ओरडला. बऱ्याच दिवसांनी फेरीवरचा आवाज थोडासा निघाला. "सभ्यपणानं जिवंत पुरलास मला! बोल गं, काय आहे?"

तातूनं सांगितलं. उभ्या उभ्या, ठेचलेलं आलं हातात धरून. शोमारी ऐकत होता. मधे एकदाच त्यानं मानेतली गाठ चाचपली, खिशातली वस्तू आहे ना ते बघावं तशी.

"मग डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"औषध लगेच सुरू करू म्हणाल्या."

"कधी म्हणाल्या?"

तातूनं मान खाली घातली. "रमजानच्या आधी."

"ईद होऊन गेली."

"हो."

"एवढे दिवस काय केलंस?"

"कुठून सुरू झालं ते शोधत होते."

"सापडलं?"

"उंबऱ्याखाली चमचा सापडला."

झाडाखालच्या म्हाताऱ्यांनी दुसरीकडे पाहिलं. लेकीवर ओरडावं इतका शोमारीत दम असता, तर त्यानं ओरडूनही पाहिलं असतं. पण तो फक्त म्हणाला, "समज, सापडलं असतं. मग काय केलं असतंस?"

तातूनं याचा विचारच केला नव्हता. एवढी मोठी तपासणी, पण निकाल लागल्यावर शिक्षा काय, ते ठरलंच नव्हतं.

"त्याच्याशी भांडले असते," ती शेवटी म्हणाली.

"भांडायचंच आहे ना? मग तो इथं आहे की," शोमारीनं मानेवर बोट ठेवलं. "त्याचं घर कुठं का असेना, वस्तीला माझ्याकडे आहे. तू त्याच्या माहेराचा पत्ता विचारत गावभर फिरलीस, पोरी."

तातूच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. शोमारीनं तिचा आल्याचा वास येणारा हात धरला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग तो मिहायोकडे वळला.

"आणि तू. ऊठ. बाहेर जा. टोपी घाल. आणि नीट आत ये."

"शोमारी, अरे..."

"बाहेर!"

मिहायो उठला. चपला घातल्या, टोपी घातली, फाटकाबाहेर गेला. रंगभूमीवर पडलेली एंट्री सावरायला दुसरी एंट्री घ्यावी लागते, आणि ती पहिलीपेक्षा नेहमी अवघड. तो आत आला आणि म्हणाला, "मेला नाहीस का रे अजून..." आणि 'अजून'वर आवाज चिरकला.

"वाईट," शोमारी म्हणाला. "पुन्हा."

मिहायो पुन्हा बाहेर गेला. कुंपणापलीकडे नाक शिंकरल्याचा मोठा आवाज आला. मग फाटक लाथेनं उघडलं.

"ए खोबरेखाऊ! ऐकलं ते खरं का? तुझ्या घरात नको तो पाहुणा घुसलाय, आणि तुम्ही झारामो दारात बसून त्याचं गाव आणि कूळ विचारताय? तोवर तो आत तुमचा भात संपवतोय, मूर्खांनो! आमच्या टाबोराला आधी काठीनं हाकलतात, आणि पळता पळता गाव सांगितलं तर ऐकून घेतात!"

"बरं आहे," शोमारी म्हणाला. त्याचे खांदे हलायला लागले होते.

"आणि आजार तरी काय निवडलास! कुठून सुरुवात केली ते त्यालाच ठाऊक नाही! अस्सल झारामो आजार! तुमच्यातल्या कुणी कामाला सुरुवात केलेली आजवर कुणाला दिसली आहे का?"

शोमारी हसला. हसता हसता खोकला, खोकता खोकता चटईवर आडवा झाला आणि आडवा पडून हसला. म्हातारे हसले. तातू हसली नाही. दारातला माणूस तिच्याबद्दल बोलत होता, आणि ते सगळं खरं होतं. मतानीवर रागावता येत नाही, म्हणून ती आत गेली आणि तिनं डॉक्टर आइकांडेंना फोन लावला.

"कधी येऊ?" तिनं विचारलं. दुसरं काहीच विचारलं नाही.

औषध द्यायची खोली लांबट होती. भिंतीला लागून खुर्च्या, प्रत्येक खुर्चीमागे उंच काठीला लटकवलेली पिशवी, आणि पिशवीतून हातात उतरणारी नळी. माणसं नेहमीची झालेली होती. इथं एकमेकांची ओळख नावानं होत नाही. "मी घशाचा," शेजारचा शिक्षक म्हणाला. "मी छातीची," समोरची लिंडीची बाई म्हणाली. सगळ्यांना आपापला अवयव होता. कसं घरदार असल्यासारखं वाटत होतं.

"आणि मझी, तुमचा कुठला?" लिंडीच्या बाईनं विचारलं.

तातूचे हात थर्मासच्या झाकणावर थांबले. हाच तो प्रश्न. डॉक्टर आइकांडे दुसऱ्या रोग्याची नळी नीट करत होत्या. त्यांनीही मान वळवली.

"टाबोराचा," शोमारी म्हणाला.

"अं?"

"टाबोराचा. वाईट माल सगळा तिकडूनच येतो. डोक्यावरून. चालत." त्यानं मोकळ्या हातानं दाराकडे बोट दाखवलं. तिथं मिहायो उभा होता, टोपी भुवयांपर्यंत ओढून. "तो बघा, आणणारा."

"खोटं!" मिहायो दारातून गरजला. "आम्ही नुसतं वाटेनं चाललो होतो! या किनाऱ्याच्या चोरांनी जकात म्हणून ठेवून घेतला! परत द्या म्हटलं, तर आता सोडत नाहीत!"

नर्सनं तोंडावर बोट ठेवलं. तिचं कुणी ऐकलं नाही, कारण शिक्षकाला घशामुळे मोठ्यानं हसता येत नव्हतं आणि तो खुर्चीचा हात बडवत होता. डॉक्टर आइकांडे खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचा पांढरा कोट पाठीवर हलत होता.

हसणं ओसरल्यावर लिंडीची बाई तातूकडे वाकली. "खरं सांग गं बहिणी. कुठं सुरू झालं?"

"ठाऊक नाही, ताई," तातू म्हणाली.

एवढंच. तिनं थर्मास उघडला आणि त्या बाईला आल्याचा चहा ओतून दिला. मग शिक्षकाला. मग दारात उभ्या असलेल्या मिहायोला, त्याच्या पेल्यात जरा कमी.

मिहायो पेला घेऊन शोमारीच्या खुर्चीशी येऊन उकिडवा बसला. नळीतून थेंब पडत होते. दोघं ते बघत होते.

"माझं कोंबडं आधीच देऊन ठेव," मिहायो म्हणाला. "खड्ड्यात आडवं पडायचं म्हणजे पाठ धरते हल्ली. उधारीवर पडणार नाही."

"तूच आधी गेलास तर?"

"तर तू पडशील माझ्या खड्ड्यात. पण काय उपयोग? तुझ्या अंगावर मूठभर मांस नाही राहिलं. खड्डा अडणार कसा? लोक तुला पालापाचोळा समजून वरून माती लोटतील."

"म्हणून तर इथं बसलोय, गाढवा," शोमारी म्हणाला आणि डोळे मिटून त्यानं मान मागे टेकवली. "जरा अंग भरू दे. मग बघ कसा अडवतो."